३०५ चौरस फूट, पाच माणसं आणि भिंतीत मिटणारा पलंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत लॉटरीत ३०५ चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट लागलाय, राहणार पाच जण – आई-बाबा, तुम्ही दोघं आणि आठवीतली मुलगी. यूट्यूबवर भिंतीत मिटणारे पलंग, सरकत्या भिंती पाहिल्यात. आर्किटेक्चरमधलं असं काही नवीन आपल्या घरात करता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

मी आर्किटेक्ट नाही, हे आधीच सांगतो. आर्किटेक्टांच्या ऑफिसात सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समनगिरी केली, आधी बोर्डावर, मग संगणकात ऑटोकॅडवर. त्याआधीची वर्षं लालबागच्या चाळीत, दहा बाय अठराच्या खोलीत, सात माणसांत गेली. त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा हट्टी आहेत.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुतेक हाँगकाँगचा आर्किटेक्ट गॅरी चँग याच्या घराचा असणार. ३२ चौरस मीटर, म्हणजे आपले ३४४ चौरस फूट. छतातल्या रुळांवरून भिंती सरकतात. एक ओढली की स्वयंपाकघर निघतं, दुसरी ओढली की बाथटब, आणि त्या टबावर वरून पलंग उतरतो. अशा चोवीस तऱ्हेच्या मांडण्या. काम अफलातून आहे, वाद नाही. लहानपणी याच घरात तो आई-वडील आणि तीन बहिणींसोबत राहायचा. पण भिंती सरकायला लागल्या तेव्हा घरात माणूस एकटाच होता! एकट्याला एका वेळी एकच खोली लागते. तुमच्याकडे रात्री साडेदहाला बाबा झोपलेले, मुलीची उद्या चाचणी, तुम्ही नुकतेच जेवायला बसलेले, आणि सौ. ओट्यावर उद्याची भाजी चिरतायत. तिथे कुठली भिंत कुठे सरकवणार?

यात माझे स्वतःचे हात पोळलेत. डोंबिवलीत एका ओळखीच्या घरी मी हौसेनं भिंतीत मिटणारा पलंग काढून दिला. गॅस पिस्टन, बाहेरून शोकेससारखा दिसणारा, सुताराकडून चोख करून घेतलेला. सहा महिन्यांनी गेलो तर पलंग उघडाच. घरातले आजोबा दुपारी आडवे होतात, संध्याकाळी त्यावरच बसून टीव्ही बघतात, मिटवायचा कधी? वर, तो भिंतीत जावा म्हणून त्या भिंतीवरचं कपाट आम्ही काढून टाकलं होतं. म्हणजे पलंग तर गेला नाहीच, कपाट मात्र गेलं. चूक सुताराची नव्हती. त्या घरातलं कोण किती वाजता काय करतं, हे मी विचारलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम: सुतार बोलवायच्या आधी एक कागद घ्या आणि चोवीस तासांचे रकाने पाडा. पाच माणसांच्या पाच ओळी. कोण कधी उठतं, बाथरूम कुणाला कधी लागतं, अभ्यास कधी, पूजा कधी, टीव्ही कधी, दुपारी कोण आडवं होतं. ज्या तासाला तीन-चार ओळी एकमेकींवर आदळतात, तिथे तुमच्या घराचा खरा प्रश्न आहे. बहुतेक घरांत तो सकाळी साडेसहा ते आठ आणि रात्री साडेनऊ ते साडेअकरा असतो. नवरा-बायकोंना दार लावून बसायला मिळणारा तासही त्या कागदावर लिहा. चाळीत याबद्दल कुणी बोलत नसे आणि नकाशात कुणी काढत नसे, म्हणून काही तो प्रश्न नव्हता असं नाही.

आमच्या खोलीत फोल्डिंग काही नव्हतं. वळकट्या होत्या. सकाळी सातला त्या माळ्यावर गेल्या की खोली मोकळी, मग तीच देवघर, तीच शिकवणीची खोली, रात्री पाटपाणी झालं की तीच झोपायची. पण हे जमायचं दोन गोष्टींमुळे, आणि जुन्या आठवणी काढणारे लोक नेमक्या त्याच विसरतात. एक, बाहेरची गॅलरी. उन्हाळ्यात तीन पुरुष तिथेच झोपायचे. म्हणजे खोली १८० चौरस फुटांची असली तरी घर त्याहून मोठं होतं. दोन, उंची. जमिनीपासून छत अकरा फूट. सात फुटांवर पोटमाळा टाकूनही वर चार फूट उरायचे.

आता तुमच्या फ्लॅटचं बघा. नवीन इमारतीत आतली उंची साधारण २.७५ मीटर मिळते, म्हणजे नऊ फूट. मुंबईत घरांची सगळी भांडणं चौरस फुटांवर चालतात. झोपडपट्टी पुनर्वसनाचं घर २२५ चं २६९ झालं, मग ३०० झालं; बीडीडी चाळीतल्या १६० च्या खोलीबदल्यात ५०० मिळायला लागले. मागण्या रास्तच होत्या. पण उंची आणि वारा मागायला कुणी मोर्चा काढला नाही. गोवंडी-मानखुर्दकडच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचा धोका जास्त दिसला. दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरचं अंतर असेल तर आत चौरस फूट कितीही द्या.

ऑफिसात लागलो तेव्हा आमचे मोठे साहेब प्लॅन बघायच्या आधी सेक्शन मागायचे. सेक्शन म्हणजे घर केकसारखं उभं कापलं तर आत काय दिसेल तो नकाशा. लहान घरातल्या खऱ्या करामती तिथेच असतात. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९६१-६२ मध्ये अहमदाबादला 'ट्यूब हाउस' केलं ते पाहा. रुंदी जेमतेम बारा फूट, लांबी साठेक फूट, स्वस्त घरांच्या स्पर्धेसाठी काढलेलं. छत उतरतं, आतली गरम हवा त्या उतारावरून वर सरकते आणि माथ्याच्या झरोक्यातून बाहेर पडते, तिच्या जागी खालून गार हवा आत येते. एसीचा विषयच नाही. दुसरी गोष्ट मला त्याहून भारी वाटते: आत खोल्यांना दारं जवळपास नाहीतच. जमीन कुठे वर, कुठे खाली. पातळी बदलली की खोली बदलली. जपानमध्ये आर्किटेक्ट ताकामित्सु आझुमांनी १९६६ साली टोकियोत स्वतःसाठी घर बांधलं, जमीन जेमतेम वीस चौरस मीटर. त्यांनी घर सरळ उभं केलं, एकावर एक खोली, आणि आत दारं ठेवलीच नाहीत. बाथरूमलासुद्धा नाही. एवढं धाडस तुम्ही करू नका, आई घर सोडून जातील.

तुमच्या फ्लॅटमध्ये छत तिरकं होणार नाही, मजलेही वाढणार नाहीत. पण पातळी बदलता येते. तुम्ही प्लॅन टाकलेला नाही, म्हणून नेहमीचा धरतो: पुढे दहा बाय बारा-तेराचा हॉल, एक छोटी खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम. हॉलच्या आतल्या टोकाला भिंतीपासून भिंतीपर्यंत, साडेसहा फूट खोल, अठरा इंच उंचीचा चौथरा करा. अठरा इंच म्हणजे खुर्चीची उंची. आई-बाबांना गुडघे न मोडता बसता येतं, तिथेच गादी घालून झोपता येतं, आणि दिवसभर पाहुण्यांसाठी ती बैठक. पोटात पुढच्या बाजूनं चाकांच्या दोन ट्रॉल्या. एकीत गावाहून आलेल्यांसाठी गादी, दुसरीत पांघरुणं. मागच्या अर्ध्या भागाला वरून उघडणारी झाकणं, तिथे वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू: गणपतीची मखर, मोठी पातेली, जुने दाखले. सोफा नको, दिवाण नको, निम्मी कपाटंही नकोत.

यात लोक तीन ठिकाणी चुकतात. चौथऱ्यात विटा-भराव घालतात. अजिबात नाही, त्याचं ओझं स्लॅबवर येतं. लोखंडी किंवा लाकडी सांगाडा आणि वर प्लाय एवढंच. दुसरं म्हणजे पंखा. नऊ फुटांच्या छताला पंखा लटकला की पाती आठ फुटांच्या आसपास येतात. चौथऱ्यावर उभं राहून कुणी चादर झटकली की हात पात्यात. चौथऱ्यावर भिंतीचा पंखा लावा, छताचा पुढच्या भागात ठेवा. तिसरं, फॉल्स सीलिंग. आधीच उंची नऊ फूट, त्यातले सहा इंच प्रकाशाच्या पट्ट्यांसाठी कोण देतं? पण देतात. दर दुसऱ्या घरात देतात.

वाऱ्याचं गणित असं. खिडकी-दाराची वरची कड सात फुटांवर असते, आणि त्यावरच्या दोन फुटांत गरम हवा कोंडून राहते. जुन्या घरांत दारावर झरोका असायचा तो याचसाठी. छोट्या खोलीची हॉलकडची भिंत जर नुसतं पार्टिशन असेल, तर सात फुटांवर थांबवा आणि वर उघडमीट होणाऱ्या काचेच्या पट्ट्या बसवा. खोलीतला उजेड हॉलला मिळेल, वाराही इकडून तिकडे जाईल. मात्र वाऱ्याबरोबर बाबांचं घोरणंही येईल. रात्री पट्ट्या बंद, दिवसा उघड्या, एवढं पथ्य पाळायचं.

पण हात लावायच्या आधी ती भिंत कशाची आहे ते सोसायटीकडून लेखी घ्या. आजकाल बरेच टॉवर माइव्हनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तयार साच्यात काँक्रीट ओतून केलेले असतात. त्यात आतल्या भिंतीसुद्धा आरसीसीच्या आणि इमारतीचं वजन पेलणाऱ्या असतात. तिथे पाडापाडी सोडाच, वायरसाठी खाचसुद्धा मारायची नाही. संडास-बाथरूम तर जागचं हलवूच नका, खालच्या मजल्याशी जन्माचं वैर होतं.

लॉफ्ट बाथरूमवर किंवा पॅसेजवर करा, ते सामानासाठीच. नियमात लॉफ्टची उंची दीड मीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि तो साठवणीसाठी धरलाय. मुलांना तिथे गादी घालून देतात, हौशी व्हिडिओतही तसंच दाखवतात. मे महिन्यात एकदा स्वतः झोपून बघा, मग ठरवा.

मुलीचं सगळ्यात महत्त्वाचं. तिला दार देता येणार नाही, पण कोपरा देता येईल. हॉलच्या खिडकीलगत तीन फूट रुंद, साडेसहा फूट लांब पट्टी तिची: झोपायची बैठक, पायथ्याशी भिंतीला अडकवलेली उघडमीट फळी, डोक्याशी स्वतंत्र दिवा, बाजूनं जाड पडदा. आजोबा दहाला झोपले तरी तिचा दिवा साडेअकरापर्यंत चालेल. खिडकी तिच्या वाट्याला दिली म्हणून मोठी माणसं कुरकुर करतील. करू द्या.

आणि एक तुकडा रिकामा ठेवा. हे पटवायला मला नेहमी जड जातं. जपानी आर्किटेक्ट तादाओ आंदोंनी १९७६ साली ओसाकात सुमियोशीला एक घर केलं. जागा साधारण ५७ चौरस मीटर, म्हणजे सहाशे चौरस फुटांच्या आसपास, दोन्ही बाजूंना शेजार चिकटलेला. त्यातला मधला एक तृतीयांश त्यांनी उघडा चौक म्हणून सोडला, वर आभाळ. पावसात एका खोलीतून दुसरीत जायला छत्री लागते. लोकांनी नावं ठेवली, पण उजेड आणि वारा त्या चौकातूनच येतो. कोरियांचं आपल्याकडचं काम म्हणजे बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, १९८०च्या दशकातलं. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, तरी प्रत्येक घराला स्वतःचं अंगण, आणि सात-सात घरं आठ मीटरच्या सामायिक चौकाभोवती. लोकलनं जाऊन येण्यासारखं आहे. आता मूळची घरं थोडीच उरलीत, बरीच पाडून तिथे मजले चढलेत. पण ते चौक अजून आहेत आणि संध्याकाळी तिथे पोरं खेळताना दिसतात. तुमच्या घरात दाराच्या आत सहा बाय पाचचा तुकडा पुरे. तिथे काहीच ठेवायचं नाही, शू-रॅकसुद्धा नाही. सत्यनारायणाला पाट तिथे मांडले जातील, पापड तिथे लाटले जातील, आणि नातेवाईक भेटायला आले की चप्पल काढून उभं राहायला जागा असेल.

बाकी सरकती दारं कराच, प्रत्येक उघडणारं दार अडीच-तीन फुटांचा चतकोर खाऊन बसतं. चॅनल, म्हणजे दार सरकतं तो रूळ, चांगलं घ्या. स्वस्तातलं दोन पावसाळ्यांत अडकतं. आरशांच्या भिंती नकोत, पाच माणसांची दहा दिसतात.

ताबा मिळाला की रंगाच्या आधी एक रविवार पाचही जण रिकाम्या फ्लॅटवर जा. खडूनं जमिनीवर सगळं खऱ्या मापात आखा: चौथरा, मुलीची पट्टी, ओटा, फ्रिज. मग प्रत्येकानं आपापल्या जागी खरंच आडवं व्हायचं, मुलीनंही. मग बाबांना उठवा आणि रात्री दोन वाजता संडासाला जातात तसं जायला सांगा. वाटेत किती जणांना ओलांडावं लागतं ते मोजा. शून्य आलं तर सुताराला बोलवा. एक आलं तर खडू पुसून पुन्हा आखा.