गिझर, रॉड, हीटर आणि हिवाळ्यातील वीजबिल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कूलर गच्चीवर गेला की वीजबिल आपोआप उतरते, अशी नागपुरात ठाम समजूत आहे. मग डिसेंबरचे बिल आले की मीटर जोरात पळत असल्याची पत्रे सुरू होतात. दरवर्षी तोच गोंधळ समोर येत असल्यामुळे निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न (मानेवाडा): कूलर बंद असूनही बिल वाढले आहे. मीटर सदोष असेल का?

असू शकतो, पण तक्रारीआधी दहा मिनिटे मीटरसमोर उभे राहावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा शेजारी छापलेला असतो. तो 3200 असेल, तर 2000 वॉटचा गिझर चालू असताना दिवा मिनिटाला साधारण 107 वेळा लुकलुकला पाहिजे, आणि केवळ 10 वॉट खाणारा सेट-टॉप बॉक्स चालू असेल तर जवळजवळ दोन मिनिटांतून एकदा. आता मेन स्विच चालू ठेवून घरातील प्रत्येक उपकरण बंद करावे आणि प्लगही काढावेत. तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये कुठेतरी गळती असण्याची किंवा आपल्या लाइनवर दुसऱ्या कुणाचा भार असण्याची शक्यता आहे. अशा वेळी परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलवावे. मेन स्विच बंद केल्यावरही दिवा लुकलुकत असेल, तर महावितरणकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज करावा.

प्रश्न (प्रतापनगर): 300 युनिटांच्या पुढे एक युनिट गेले, तरी सगळे बिल वरच्या दराने लागते, हे खरे आहे का?

नाही, वरचा दर फक्त त्या टप्प्यात येणाऱ्या युनिटांनाच लागतो.

प्रश्न (धरमपेठ): गिझर दिवसभर चालू ठेवला तर वीज कमी लागते, असे दुकानदाराने सांगितले. हे खरे आहे का?

खरे नाही. टाकीला जॅकेट असले तरी उष्णता बाहेर जातच राहते आणि ती भरून काढण्यासाठी थर्मोस्टॅट दिवसभर वीज घेत राहतो. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धे युनिट लागते, मग ती कोणत्याही कंपनीच्या गिझरने तापवा. म्हणजे रोज चार बादल्यांचे महिन्याला 60 युनिट झाले. भांडी आणि कपडे यांनाही गरम पाणी वापरले, तर हा आकडा सहज दुप्पट होतो. अंघोळीच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी गिझर लावावा, घरातील अंघोळी लागोपाठ उरकाव्यात आणि थर्मोस्टॅट 50 ते 60 अंशांच्या दरम्यान ठेवावा. 75 अंशांवर पाणी तापवून त्यात पुन्हा गार पाणी मिसळण्यात कोणताही लाभ नाही. बोअरवेलचे पाणी असेल, तर कॉइलवर क्षार बसून ती लवकर जळते, म्हणून सर्व्हिसिंग दिवाळीच्या सुमारास करून घ्यावे, जानेवारीत गिझर बंद पडल्यावर नव्हे.

प्रश्न (महाल): गिझरपेक्षा रॉड स्वस्त पडतो, असे शेजारी सांगतात. आमच्याकडे रॉड लावल्यावर नळाला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. वायरमनला संक्रांतीनंतर बोलावणार आहोत. तोवर रॉड वापरला तर चालेल का?

चालणार नाही. रॉड आजच बंद करावा आणि वायरमनला आजच बोलवावे. झिणझिण्या येतात याचा अर्थ विजेने चुकीची वाट धरलेली आहे आणि ती तुमच्या शरीरातून जमिनीकडे जाऊ पाहते आहे. आज पायात कोरडी चप्पल होती म्हणून ती बारीक वाटली. उद्या ओल्या फरशीवर अनवाणी पाय असेल, तर तीच जिवावर बेतू शकते.

बचतीचे म्हणाल, तर 1500 वॉटचा रॉड तीच बादली तापवायला साधारण वीस मिनिटे घेतो आणि तेवढेच अर्धे युनिट खातो. शेजाऱ्यांचा हिशेब फक्त खरेदीच्या किमतीचा आहे.

जुन्या वाड्यांमध्ये अजूनही दोन तारांचे वायरिंग आढळते. बोर्डावर तीन भोके दिसतात, पण अर्थिंगच्या भोकामागे तारच नसते. काही जण त्यावर उपाय म्हणून न्यूट्रलचीच (वीज परत नेणारी) तार अर्थिंगला जोडून देतात. हा उपाय नव्हे, अपघाताची तयारी आहे, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर उपकरणाच्या धातूच्या भागात थेट करंट उतरतो. ‘आमच्याकडे एमसीबी (जास्त भार आल्यावर आपोआप पडणारा स्विच) आहे’ हे उत्तरही मला वारंवार मिळते. एमसीबी तारा वाचवतो, माणूस वाचवत नाही. 16 अँपिअरचा एमसीबी पडण्याच्या कितीतरी आधी, काही दशांश अँपिअरलाही माणूस दगावू शकतो. माणूस वाचवायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच लागतो, आणि त्यावरील ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का, हे पाहावे लागते. अर्थिंगचा खड्डा एकदा केला की जन्मभर पुरतो, हीही समजूत सोडावी. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात पाणी घालून वर्षातून एकदा रोध मोजून घेतला पाहिजे. हे काम परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावे.

प्रश्न (जरीपटका): प्लगमध्ये लावायचे वीज वाचवणारे यंत्र घ्यावे का?

घेऊ नये. अशा डब्यात बहुधा एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी येते याचे प्रमाण, सुधारू शकतो. परंतु घरगुती ग्राहकाचे बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर येते, त्यामुळे त्याने बिल कमी होत नाही. दुकानात अँपिअर कमी झालेले दाखवतात, युनिट कमी झालेले दाखवत नाहीत, ही फसवणूक ओळखावी.

प्रश्न (हिंगणा): ऑइल हीटर कमी वीज खातो का? त्याऐवजी रात्री कोळशाची शेगडी ठेवली तर?

हॅलोजन, ऑइल किंवा ब्लोअर, कोणताही 2000 वॉटचा हीटर पूर्ण क्षमतेने तासभर चालला की दोन युनिट खातो. फरक ऊब किती वेळ टिकते एवढाच. इन्व्हर्टर एसीला गरम हवेची सोय असेल, तर तो तेवढीच ऊब बऱ्याच कमी विजेत देतो. मात्र त्याआधी खिडकी पाहावी. कूलर काढल्यावर उरलेली मोकळी जागा पुठ्ठ्याने झाकलेली असते आणि कडेने पहाटेचा गार वारा सरळ पलंगावर येतो. तेथे मापाचा प्लायवुड बसवून फटींना पट्टी लावावी. पुष्कळ घरांत त्यानंतर हीटर लागतच नाही.

बंद खोलीत शेगडी कदापि ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बाथरूमच्या आत बसवलेल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे.

प्रश्न (कामठी): छतावर सोलर पॅनेल बसवावे की सोलर वॉटर हीटर?

फक्त अंघोळीच्या पाण्याचा प्रश्न असेल, तर वॉटर हीटर. नागपूरचा हिवाळा बहुतेक निरभ्र असतो आणि चार माणसांना 100 लिटरचा संच सहसा पुरतो. वर्षभराचे, विशेषतः उन्हाळ्यातील बिल कमी करायचे असेल, तर पॅनेल. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट 30,000 रुपये आणि 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान जाहीर झाले आहे. सध्याच्या अटी अर्जापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर पाहाव्यात. विक्रेता गच्चीवर न येता फोनवरच किती किलोवॉट लागतील ते सांगत असेल, तर त्याला आगाऊ रक्कम देऊ नये. मागील बारा महिन्यांची बिले आणि गच्चीवर पडणारी सावली पाहूनच संचाचा आकार ठरतो. वॉटर हीटरसाठी बोअरवेलचे पाणी वापरणार असाल, तर त्याचा जडपणा आधी तपासून घ्यावा, कारण जड पाण्याला हीट एक्सचेंजर (वापरायचे पाणी नळ्यांतून न फिरवता वेगळ्या द्रवाने तापवण्याची सोय) असलेला संच लागतो.