बोलीभाषेतलं पुस्तक कोल्हापुरातनं स्वतःच काढलं तर खपेल का?

तुमच्या चंदगडी बोलीतल्या कथा तयार आहेत, पुण्याच्या प्रकाशकांकडून उत्तर येत नाही, तर इथंच स्वतः छापू का, असं विचारलंय. छापा की! मी कोल्हापुरात छोटं प्रकाशन चालवतो, असली पुस्तकं आपणच काढायला पायजेत असं मला मनापासून वाटतं. फक्त हजार प्रतींच्या नादाला लागू नका. प्रेसवाला म्हणणार हजारला दर कमी बसतो, ते खरंय, पण गठ्ठे माळ्यावर पडले तर त्या दराचा उपयोग काय? डिजिटल छपाईवर शंभर-दोनशे प्रतीपण निघतात. आधी व्हॉट्सॲपवर प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करा, पैसे आणि पत्ते गोळा करा, मग आकडा ठरवा.

वाचलेले पैसे मुद्रितशोधनावर घाला. प्रूफ बघणारा चंदगड भागातलाच हवा, नाहीतर तो सगळी बोली "शुद्ध" करून टाकतो आणि ज्यासाठी पुस्तक काढलं तेच जातं. आणि युनिकोडमधला मजकूर डीटीपीवाल्यानं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात, घेतला की जोडाक्षरं फुटतात, रफार उडतात, म्हणून शेवटचं प्रूफ कन्व्हर्ट झाल्यावरच, तेपण कागदावर प्रिंट काढून वाचायचं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या पोर्टलवर फुकट मिळतो, एजंटला पैसे देऊ नका.

विक्री मात्र दुकानांवर सोडू नका, कमिशन जास्त आणि पैसे उशिरा. सीमाभागात कडोली, उचगावची साहित्य संमेलनं होतात, चंदगडपासनं लांब नाहीत, तिथं टेबल लावून स्वतः बसा, ही बोली समजणारा वाचक तिथं भेटतो. करवीर नगर वाचन मंदिरात प्रत द्याच, 1850 सालचं वाचनालय आहे ते, पण तालुक्यातली क आणि ड वर्गाची, म्हणजे शासनमान्य छोटी, वाचनालयं सोडू नका, शासनाचं अनुदान हातात आलं की त्यांची खरेदी होते, तर ग्रंथपालाला वेळ विचारून ठेवा आणि त्याच वेळी जा.

पोस्टानं पाठवायचं तर मे 2025 पासनं ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त टपाल सेवा सुरू झालीय, सुरुवातीचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, कर वेगळा. त्यासाठी पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. आणि 1954 च्या कायद्यानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी लागते, ती पुस्तक निघाल्यापासनं महिन्याच्या आत पाठवा, बरेच लेखक टाळतात, पण चंदगडी बोलीतलं लिखाण तिथं जपलं जाणं लई गरजेचं आहे.