कॉम्प्युटर नंतर बघू, आधी बँकेत जा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 46. डीटीपी, लग्नपत्रिका, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म असं दुकान, वर्षाची उलाढाल 14 लाख. सहा कॉम्प्युटर, सगळे 2012 ते 2016 मधले. बटण दाबून चहा पिऊन आलं तरी काम सुरू होत नाही, असं ते लिहितात. विक्रेत्यानं सहाच्या सहा बदलायचे 2 लाख 70 हजार सांगितलेत. 15 टक्क्यांचं तीन वर्षांचं कर्जही तोच मिळवून देतोय. वर 31 मार्चच्या आत घेतले तर कर वाचेल म्हणतो, वीजही वाचेल म्हणतो. प्रश्न एवढाच, की सगळे एकदम बदलू, की दर वर्षी एकेक?

पण कर्ज कशाला, याचं उत्तर पत्राच्या तळाशी सापडलं. "गेल्या मार्चमध्ये 4 लाखांची एफडी संपली. बँकेतल्या मॅडमनी पैसे चांगल्या योजनेत वळवले. दर वर्षी 1 लाख, दहा वर्षं. पंधराव्या वर्षी दामदुप्पट. उरलेले 3 लाख पुढच्या हप्त्यांसाठी बचत खात्यात ठेवलेत, त्यांना हात लावता येत नाही."

साहेब, का हात लावता येत नाही? पैसे तुमचे आहेत. बचत खात्यावर जेमतेम अडीच-तीन टक्के मिळत असताना विक्रेत्यामार्फत 15 टक्क्यांनी उचलायचे? त्या कर्जाचा हप्ता साधारण 9,400 होतो, तीन वर्षांत 67 हजार नुसतं व्याज. त्या पैशात आणखी दीड कॉम्प्युटर येतो.

आणि ती "योजना" नाही, विमा पॉलिसी आहे. तुम्ही जोडलेल्या पानाच्या फोटोत स्वच्छ छापलंय: 10 लाख भरा, पंधरा वर्षांनी 16 लाख घ्या. दामदुप्पट कुठे आहे त्यात? परतावा काढला तर वर्षाला साडेचार टक्के पडतो. हेच लाख-लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह खात्यात, टाकून सध्याच्या 7.1 टक्क्यांनी पंधरा वर्षं ठेवले असते तर 21 लाखांच्या घरात गेले असते. एफडी संपायला आलेला माणूस दिसला की अशी पॉलिसी त्याच्या गळ्यात मारायची, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की आता चीडसुद्धा नीट येत नाही. म्हणे विमा पण मिळतो! कवच आहे 10 लाखांचं. मुलगी अकरावीत, घर तुमच्या कमाईवर. 50 लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता मृत्यूचा विमा, तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास बसेल.

"पण भरलेला 1 लाख बुडेल ना?" हे तुम्ही विचारणारच. समजा, पूर्ण बुडाला. राहिलेले नऊ हप्ते पीपीएफमध्ये गेले तर त्याच तारखेला 18 लाख होतात. दर घसरून 6 टक्क्यांवर आला तरी 16 लाखांच्या वरच राहतात. म्हणजे लाखावर पाणी सोडूनही तुम्ही पुढेच. आणि बहुधा सगळा बुडणारही नाही. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार पूर्ण वर्षाचा हप्ता भरला असेल तर पहिलं वर्ष संपल्यावर पॉलिसी सोडताना काही रक्कम द्यावी लागते. ती किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत केव्हाच उलटली. तरी "एफडीसारखीच योजना आहे" असं सांगून विकली, ही तक्रार कंपनीकडे लेखी द्या. दाद लागली नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही. एकच सांगतो, फार आशा लावून बसू नका. मॅडम जे तोंडी बोलल्या त्याला कागद नाही, आणि सही तुमची आहे.

आता कॉम्प्युटर. सहा यंत्रं आहेत, पण पत्रात माणसं मोजली तर तीनच निघतात: तुम्ही, वहिनी आणि कामाला येणारा मुलगा. मग सहा कुणासाठी?

कर वाचण्याचं विसरा. कॉम्प्युटरवर 40 टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी होण्याचा खर्च, करात दाखवता येतो हे खरं, पहिल्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्मा. पण तुमचं रिटर्न अंदाजित उत्पन्नाचं, म्हणजे उलाढालीचे ठरावीक टक्के नफा धरणारं, लोक 44एडी म्हणतात ते. त्यात घसारा दिलाच आहे असं धरलेलं असतं, वेगळा मागता येत नाही. जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे किमतीतल्या 18 टक्क्यांचं क्रेडिटही नाही. वीज म्हणाल तर एका यंत्रामागे 60 वॅट वाचले, रोज दहा तास, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 180 युनिट. 12 रुपये दर धरला तर 2,160 रुपये. 45 हजारांची वसुली व्हायला वीस वर्षं.

तरीही सगळं जुनं तसंच रेटत राहा, असं मी म्हणणार नाही. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलची आठव्या पिढीपासूनची चिप लागते. तुमच्या सहापैकी एकाही यंत्रात ती नाही. लोकांची आधार कार्डं आणि पासबुकं ज्यावर रोज उघडता, तो कॉम्प्युटर असा उघडा ठेवू नये. शिवाय जूनमध्ये ॲडमिशनच्या रांगेतलं गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबत नाही, पलीकडच्या दुकानात जातं. खरा तोटा तिथे आहे.

तर डिझाइनला एक नवा, 45 हजार. वहिनींना ऑफिसातून निघालेला, आठव्या पिढीच्या पुढचा जुना, 20 हजारांपर्यंत. फॉर्मला नुसता ब्राउझर लागतो. तिथे सहातला बरा निवडा, 5 हजारांत एसएसडी (वेगवान डिस्क) आणि रॅम टाका, विंडोजऐवजी लिनक्स चढवा. लिनक्स फुकट आहे. प्रिंटर-स्कॅनर चालतो का, ते आधी तपासून घ्या. झाले 70 हजार, रोख, त्याच 3 लाखांतून. पुढच्या वेळेसाठी महिन्याला 1,500 बाजूला टाका.

एक जुना मात्र विकू नका. पत्रिका जुळवायचं पेजमेकर आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टचा डोंगल (यूएसबीची किल्ली) ज्यावर चालतो, तो. पंधरा वर्षांच्या पत्रिका त्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, नव्या यंत्रावर उघडल्या तर "श्री गणेशाय नमः"च्या जागी भलतीच अक्षरं येतील. त्याची नेटची वायर काढून टाका आणि राहू द्या कोपऱ्यात. कोपऱ्यात म्हणजे पोटमाळ्यावर. 2019 च्या पुरात खालचे दोन गेले, असं तुम्हीच लिहिलंय, 2021 ला पुन्हा पाणी आलं, आणि अजून दुकानाचा विमा नाही! पुराचं कलम असलेला विमा घ्या. सगळ्या फाइल्सच्या दोन प्रती दोन हार्ड डिस्कवर काढा, एक घरी ठेवा. दहा हजार जातील.

दुसऱ्या हप्त्याची तारीख 18 मार्च आहे. खात्यातून पैसे आपोआप वळते होतील, त्याच्या आठवडाभर आधीच बँकेत जाऊन ती परवानगी रद्द करण्याचा अर्ज द्या. मॅडम चहा मागवतील, नवीन काहीतरी दाखवतील. चहा घ्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय उठू नका.