‘मशीनच मला बाहेर काढतं, मॅडम’

मशीन म्हणजे कंपन्यांचं अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर. नोकरी शोधणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचंही पाठ झालंय: ‘माझ्यातच काहीतरी कमी असणार.’ त्यातल्याच एकांची ही गोष्ट, ओळख पटू नये इतपत बदलून.

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर, चाळिशीला टेकलेले. बसल्या बसल्या मोबाइल पुढे केला. ‘रात्री साडेअकराला अर्ज केला, अकरा बत्तीसला नकार. बारा-तेरा वर्षांचा अनुभव दोन मिनिटांत निकालात!’

मी समुपदेशक, विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडायला सुरुवात केलेली ही पद्धत सांगते, की घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो. म्हणून सांत्वन बाजूला ठेवून विचारलं, ‘फॉर्ममध्ये काय काय भरलंत?’

‘नेहमीचंच. नोटीस पिरियड नव्वद दिवस.’

‘आणि त्यांना?’

‘तीस दिवसांत हजर होणारा हवा होता.’ मग जरा थांबून, ‘म्हणजे रेझ्युमे वाचलाच नसेल?’

बहुधा नाहीच. अशा प्रश्नांना ठरावीक उत्तर आलं की अर्ज आपोआप बाद करायची सोय कंपन्यांना असते. तिथे खोटं भरू नये. नोटीस कमी करून मिळेल का, हे आपल्या एचआरला आधीच विचारून ठेवावं.

खरी कलाटणी पुढच्या भेटीत आली. त्यांचा रेझ्युमे देखणा होता: दोन कॉलम, कौशल्यांपुढे चांदण्या. मी म्हटलं, ‘यातला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. सॉफ्टवेअरला साधारण तसंच दिसतं.’ टाकला. चांदण्या गायब, दोन्ही कॉलम एकमेकांत घुसलेले, नोकरीच्या तारखा ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ला चिकटलेल्या. ते बघत राहिले आणि खो-खो हसले. ‘मॅडम, हा माणूस तर मीही घेतला नसता!’

त्या हसण्याची मी वाट बघत होते. पहिल्यांदाच त्यांनी कागद आणि स्वतः यांत अंतर ठेवलं होतं. तासभर समजावून जे साधत नाही, ते एका नोटपॅडने साधलं. (ही युक्ती आता मी सगळ्यांनाच करायला लावते.)

मग हात झरझर चालले. एकच कॉलम, साधी शीर्षकं, तक्ते नाहीत, मोबाइल नंबर हेडरमध्ये नाही. अजून ‘टीएस १६९४९’ लिहिलेलं होतं. वाहन उद्योगातल्या गुणवत्तेच्या त्या मानकाच्या जागी २०१६मध्ये ‘आयएटीएफ १६९४९’ आलं, आणि जाहिरातीत तेच असतं. भरती करणारे शब्द टाकून शोधतात, तेव्हा जुन्या नावाचा माणूस यादीत वर येणार कसा? ‘एफएमईए’ (संभाव्य बिघाड आणि त्यांचे परिणाम आधीच तपासायची पद्धत) हे संक्षेपातही हवं आणि पूर्ण नावानेही. मात्र शब्द जाहिरातीतले असले तरी काम आपण खरंच केलेलं हवं.

‘पांढऱ्या अक्षरांत सगळे शब्द लपवले तर? मित्र म्हणतो, चालतं.’

‘सॉफ्टवेअरने मजकूर वेगळा काढला की ती अक्षरं समोरच्याला लख्ख दिसतात. मग काय सांगाल?’ तो विषय तिथेच संपला.

आता त्यांना मुलाखतींची बोलावणी येतात. नकारही येतात, पण माणसांकडून, समोरासमोर बोलून झाल्यावर. ‘हे जास्त लागतात, मॅडम,’ असं परवा म्हणाले. सध्या आमचं काम त्यावर चाललंय.