अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा का झिजतो?

प्रश्न : द्राक्षबागेत गोडी छाटणीच्या दिवसांत सतत कात्री चालवल्याने रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात. आता अंगठ्याच्या बुडाचा उंचवटाही चपटा दिसतो. यांचा संबंध आहे का?
– एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : दाट शक्यता आहे. त्या उंचवट्यात, त्वचेलगत, ‘ॲबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिस’ हा लहानसा स्नायू असतो आणि तो अंगठा तळव्यापासून काटकोनात वर उचलतो. त्याला चालना देणारी मीडियन नर्व्ह ही नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून येते. तिथे ती दाबली गेली की अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते आणि दाब टिकून राहिल्यास स्नायू झिजू लागतो. मात्र उंचवट्यावरच्या त्वचेची संवेदना बहुधा शाबूत राहते, कारण तिची शाखा बोगद्याच्या आधीच फुटते. करंगळी बधिर असेल, तर दोष अन्यत्र शोधावा लागतो.

तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, अंगठा छताच्या दिशेने उचला आणि दुसऱ्याला तो खाली दाबायला सांगा; डाव्या हाताशी तुलना केल्यास अशक्तपणा लगेच कळतो. झीज हे उशिराचे लक्षण असल्यामुळे केवळ मलमांवर वेळ घालवू नये. नसेची वहन-चाचणी (नसेतून संदेश नीट जातात का, हे पाहणारी), मधुमेह व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. सौम्य अवस्थेत रात्री मनगटाला ते सरळ ठेवणारी आधारपट्टी (स्प्लिंट) बांधणे पुरते. झीज झाल्यावर मात्र डॉक्टर बहुधा शस्त्रक्रियाच सुचवतात.