सीट बदलल्यावर एअरबॅगचा दिवा विझत नाही: रेझिस्टर टाकण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुढच्या दोन्ही सीट काढून त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटच्या, भंगारात निघालेल्या गाडीच्या लेदर सीट बसवल्या. तेव्हापासून एअरबॅगचा दिवा विझत नाही. बॅटरी रात्रभर काढून ठेवली, काही फरक नाही. आणि मेकॅनिक म्हणतो, एक रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) टाकून देतो, दिवा जाईल. या सगळ्यात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: जुन्या सीट बाहेर असताना गाडी सावलीत घ्यायची म्हणून एकदा सुरू केली होती. माझ्या मते पाणी तिथेच मुरतंय.

चावी फिरवली की एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे एअरबॅगा सांभाळणारा छोटा संगणक, आपली सगळी सर्किटं एकेक करून तपासतं. तेवढ्यापुरता दिवा पेटतो आणि पाच-सात सेकंदांत विझतो. प्रत्येक एअरबॅगच्या इग्नायटरमध्ये, म्हणजे पेटून बॅग उडवणाऱ्या भागात, एक बारीक तार असते, तिचा रोध साधारण २ ते ३ ओहम. मॉड्यूल अगदी क्षीण प्रवाह सोडून तो रोध मोजत राहतं. सीट काढली म्हणजे तिच्याखालचे प्लग निघाले, सर्किट तुटलं, आणि अशा वेळी चावी फिरवली की मॉड्यूलने नोंद केलीच समजा. ही नोंद वीज गेली तरी पुसली जात नाही, त्यामुळे बॅटरी रात्रभर काय, महिनाभर काढून ठेवली तरी उपयोग नाही. पुष्कळ गाड्यांत प्लग परत नीट बसवल्यावरसुद्धा स्कॅनरने ही नोंद, म्हणजे कोड, पुसल्याशिवाय दिवा जात नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. कार्पेट धुवायला सीट काढल्या होत्या, पाऊस आला, काचा वर घ्यायला चावी फिरवली. नंतर दोन आठवडे मी तुटलेली वायर शोधत होतो. वायर धडधाकट होती.

म्हणून आधी कोड वाचून घ्या. मात्र सगळीकडे मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड ‘बी’ने सुरू होतात आणि त्यासाठी एसआरएस, म्हणजे एअरबॅगच्या मॉड्यूलशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. कोड पुसायची घाई करू नका, आधी सगळे लिहून काढा. बहुतेक स्कॅनर ‘आत्ता आहे’ आणि ‘पूर्वी होता’ असा फरक दाखवतात. सगळे पूर्वीचेच असतील तर पुसले की काम संपलं. पुसल्यावर लगेच परत आला तर मात्र दोष खराच आहे.

दोष असेल तर कोडचा मजकूर नीट वाचा, त्यात अर्धं उत्तर असतं. ‘रोध फार जास्त’ म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलंय, प्लग लागलेला नाही किंवा पिन सैल आहे. ‘रोध फार कमी’ असेल तर लोक वायर घासून शॉर्ट झाली असं समजून हार्नेस (वायरींचा जुडगा) सोलत बसतात. तेही असू शकतं, पण आधी प्लग बघा. सीटखालच्या या पिवळ्या प्लगच्या आत एक छोटी पट्टी असते. प्लग सुटला की ती एअरबॅगकडच्या दोन्ही पिन एकमेकींना जोडून टाकते, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेने बॅग उडू नये. प्लग पूर्ण आत गेला की पट्टी उचलली जाते. तो अर्धवट बसला तर पिन लागलेल्या, पण पट्टी अजून उचललेली नाही, असं होतं आणि मॉड्यूलला शॉर्ट दिसतो. वरून बघितलं तर प्लग बसल्यासारखाच वाटतो. त्याला बहुधा दुहेरी लॉक असतं, दुसरं लॉक दाबल्याशिवाय तो बसला असं धरू नका.

प्लगला हात लावण्याआधी इग्निशन बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ते बाजूला राहील असं ठेवा आणि थांबा. धडकेत बॅटरीच चिरडली तरी बॅग उडावी म्हणून मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतात, त्यांतला साठा ओसरायला वेळ लागतो. किती थांबायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. कुठे दीड मिनिट, कुठे तीन, कुठे त्याहून जास्त. मी सरसकट दहा मिनिटं थांबतो, तेवढ्यात सीटखालची धूळ झाडून होते. आणि एक गोष्ट काही झालं तरी करू नका: एअरबॅगचा रोध मल्टिमीटरने मोजू नका. मीटर स्वतःचा प्रवाह सोडतो आणि तेवढ्यानेही इग्नायटर पेटण्याचा धोका असतो. टेस्ट लॅम्प तर लांबच ठेवा.

आता तुमच्या सीटकडे वळू. ती गाडी भंगारात का निघाली, हे विचारलंत का? अपघातातली असेल तर पाठीच्या बाहेरच्या बाजूची शिवण बघा. साइड एअरबॅग तिथूनच फुटून बाहेर येते, त्यामुळे शिवण उसवलेली किंवा पुन्हा शिवलेली दिसली तर समजून जा. मग सीटबेल्टचं बकल बघा. ज्या गाड्यांत प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारा भाग) बकलपाशी असतो, त्यांत तो एकदा उडाला की बकल खाली ओढलं जातं आणि जुन्या सीटच्या बकलपेक्षा बुटकं दिसतं. उडालेला प्रीटेन्शनर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

वरच्या व्हेरिएंटचा घोळ वेगळा. त्या सीटमध्ये साइड एअरबॅग आहे आणि तुमच्या गाडीत मुळात नव्हतीच, तर तो प्लग सीटखाली नुसता लोंबकळत राहील. मॉड्यूलला त्याचा पत्ताच नसल्याने त्यामुळे दिवाही पेटणार नाही आणि ती बॅगही कधी उडणार नाही. उलट तुमच्या जुन्या सीटला बॅग होती आणि नवीला नाही, तर दिवा पेटणारच. बकलचा स्विच आणि सीट किती पुढे-मागे आहे ते सांगणारा रुळावरचा सेन्सर, हेही व्हेरिएंटप्रमाणे बदलू शकतात. ते भाग जुन्या सीटवरून काढून नवीवर बसत असतील तर तोच सरळ मार्ग.

पण प्रवाशाच्या सीटच्या वजन सेन्सरला हा न्याय लावू नका. समोर कोण बसलंय, मोठा माणूस, मूल की कोणीच नाही, हे ओळखून प्रवाशाची एअरबॅग चालू-बंद ठेवणारी ही यंत्रणा. काही गाड्यांत गादीखाली मॅट असते, काहींत द्रव भरलेली पिशवी, काहींत सीटच्या पायांत सेन्सर. मॅट किंवा पिशवी त्या-त्या फोमसोबतच जुळवलेली असते. एकीची काढून दुसरीत घातली तर वजनाचा अंदाज चुकतो, आणि दिवा पेटला नाही तरी चुकतो. पुढे पाठमोरी चाइल्ड सीट असताना बॅग चालू राहिली तर काय होईल याचा विचार करा. त्यामुळे गादी, सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर एकत्र संच म्हणून न्या, आणि गाडीला लागत असेल तर सीट रिकामी ठेवून स्कॅनरने शून्य कॅलिब्रेशन करून घ्या.

रेझिस्टरबद्दल. तो इग्नायटरइतका रोध दाखवतो, म्हणून मॉड्यूलला वाटतं बॅग जागेवर आहे. शर्यतीच्या बकेट सीट बसवणारे हे करतात आणि त्यांची बाजू मला समजते: पुष्कळ गाड्यांत दिवा पेटलेला असला की सगळीच यंत्रणा बंद पडते, मग निदान समोरच्या बॅगा तरी चालू राहाव्यात. तिथेही मॉड्यूलच्या कोडिंगमधून ती बॅग काढता येत असेल तर मी तेच करेन. तुमच्याकडे मात्र सीटमध्ये बॅग असण्याची शक्यता आहे. तिचा प्लग काढून रेझिस्टर लावायचा म्हणजे चालू बॅग बंद करून दिवा विझवायचा! एकदा मी घेतलेल्या जुन्या गाडीत सीटखाली काळ्या टेपचा गोळा सापडला होता. आत रेझिस्टर. आधीच्या मालकाने सांगितलं नव्हतं, कदाचित त्यालाही माहीत नसेल.

आणि हे काहीच जुळलं नाही, तर जुन्या सीटवरच लेदर चढवून घ्या. साइड एअरबॅग असेल तर कव्हर तिच्यासाठी खास शिवण असलेलंच हवं. साधं कव्हर वरून ताणून बसवलं तर बॅगेची वाट अडते.

सगळं झाल्यावर टर्मिनल लावा, कोड पुसा, चावी फिरवा आणि दिवा विझल्यावर इग्निशन चालू ठेवूनच सीट पार पुढे आणि पार मागे सरकवून बघा. मध्येच दिवा उजळला तर सीटखालची वायर रुळात ओढली जातेय. इग्निशन बंद करून, पुन्हा तेवढंच थांबून, तिचा मार्ग बदला आणि क्लिपमध्ये बसवा. तोवर कोडचा मजकूर आणि जुन्या-नव्या सीटखालच्या प्लगचे फोटो पाठवा, कोणता प्लग कशाचा ते बघून सांगतो.