गाडी कुणाची, जेवण कुणाचं

खानापूर

बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरच्या, खाणीची पब्लिक हिअरिंग, म्हणजे जनसुनावणी, लागणार आहे. कंपनीचा माणूस तुमच्या गवळी धनगरांच्या वाड्यावर येऊन गेला. सगळ्यांना न्यायला गाडी, दुपारचं जेवण, वर घरटी थोडे पैसे देतो म्हणाला. तुझे काका म्हणतात, घ्यायला काय हरकत आहे, दिवस तर बुडणारच. आणि तू विचारतेस, सर, काय करू?

घेऊ नका. पण काकांशी वाद घालू नकोस, कारण त्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे. दिवस बुडतोच. पहाटे धार काढायची, दूध डांबरी रस्त्यापर्यंत पोचवायचं, म्हशी कुणाच्या तरी हवाली करायच्या आणि अकराला मांडवात हजर व्हायचं. चार वाजेपर्यंत बसावं लागलं की संध्याकाळची धारही चुकते. हा खर्च कागदावर कुणी धरतच नाही. तुझ्या काकांनी तो धरला, एवढंच.

मी हायस्कुलात शिकवत होतो तेव्हाची एक गोष्ट आहे. तुला कधी सांगितली नव्हती. अशाच एका सुनावणीला मी पलीकडच्या वाड्यावरची माणसं घेऊन गेलो होतो. जीप कंपनीची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट म्हाताऱ्या माणसांची पायपीट वाचली म्हणून बरं वाटलं. खाणीच्या परिणामांचा अहवाल इंग्रजीत, सारांश कन्नडात आणि आमची माणसं मराठी बोलणारी, त्यातही वाचता येणारी थोडी. आदल्या रात्री बसून मी सारांशाची सहा पानं कशीबशी मराठीत उतरवली, ती वाचून दाखवायला वेळच मिळाला नाही. तरी एक आजी उठल्या. म्हणाल्या, सडा फोडलात तर खालची झरी माघातच आटेल, मग आमच्या म्हसरांनी पाणी कुठं प्यायचं? इतिवृत्तात ते कसं आलं माहीत आहे? ‘ग्रामस्थांनी पिण्याच्या पाण्याच्या सोयीची मागणी केली.’ खाली पंगतीचा फोटो आणि त्याखाली ‘स्थानिकांचा सहभाग’. ती जीप मी घेतली होती. त्या आजींच्या दारात पुन्हा जायला मला बरेच दिवस लागले.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. बोलायला पैसा लागतो, तो मागण्यात लाज नाही. पण तो ज्याच्या हातून येतो त्याची सावली बोलण्यावर पडते.

त्या मांडवात बसलेली माणसं एकदा डोळ्यांसमोर आण. अहवाल लिहिणारी कन्सल्टंट संस्था कंपनीनं नेमलेली, तिची फी कंपनी देते. डीसी साहेब, म्हणजे जिल्हाधिकारी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी पगारावर आलेले. पदरचं घालून तिथं येतात ती फक्त सड्याखाली राहणारी माणसं. १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए, म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकनाची, अधिसूचना सुनावणी कशी घ्यायची ते बारकाईनं सांगते, पण या माणसांच्या मजुरीसाठी, भाषांतरासाठी, त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञासाठी तिच्यात एका पैशाची तरतूद नाही. २०१५ साली खाण कायदा दुरुस्त झाला तेव्हा नवं खनिज शोधण्यासाठी रॉयल्टीच्या, म्हणजे खनिजापोटी सरकारला भरायच्या रकमेच्या, २ टक्के रकमेचा वेगळा निधी काढला गेला. खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. त्यात जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावानं दिलेल्यांकडून १० टक्के जमा होतात. हा पैसा चांगलाच आहे, पण तो रॉयल्टीवर मोजला जातो, म्हणजे खाण सुरू झाल्यावर येतो. प्रश्न विचारायची वेळ त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते.

हे असंच असावं लागतं असं नाही, म्हणून कॅनडातली एक गोष्ट सांगतो. १९७४ साली तिथल्या सरकारनं आर्क्टिकचा वायू मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातून नेणाऱ्या पाइपलाइनची चौकशी न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांच्याकडं सोपवली. बर्जरांनी दोन गोष्टी केल्या. ते ३५ वस्त्यांत स्वतः गेले, लोकांच्या भाषेत लोकांचं ऐकलं. आणि मूळनिवासींच्या व पर्यावरणाच्या संघटनांना तयारीसाठी सरकारकडून पैसा मिळवून दिला. समोर कंपन्यांचे वकील आणि इंजिनिअर बसलेले असताना रिकाम्या हातांनी आलेला माणूस बरोबरीनं बोलू शकत नाही, हे त्यांना कळलं होतं. १९७७ च्या अहवालात त्यांनी मॅकेंझी खोऱ्यातलं काम दहा वर्षं थांबवा, आधी तिथल्या लोकांच्या जमिनीचे हक्क ठरवा, असं सांगितलं. आज तिथं २०१९ चा आघात मूल्यांकन कायदा खाणींसारख्या मोठ्या प्रकल्पांना लागू होतो आणि सहभागासाठी निधीची योजना ठेवणं तिथल्या सरकारी संस्थेवर बंधनकारक आहे.

बर्जरांनी पैसा कुणाला द्यायचा याच्या कसोट्या घातल्या होत्या. मला त्या फार उपयोगाच्या वाटतात. या माणसांचा या जमिनीशी उघड संबंध आहे का. त्यांचं म्हणणं वेगळं मांडलं गेलं तर चौकशीत खरी भर पडेल का. या प्रश्नाची काळजी ते आधीपासून करत आलेत का. त्यांच्याकडं स्वतःचा पैसा कमी आहे का. आणि पैसा कशावर खर्च करणार, हिशेब कसा देणार, हे त्यांना सांगता येतं का. तुझा अर्ज या पाच प्रश्नांच्या उत्तरांवर बेत. डीसी साहेबांना आणि मंडळाला दोघांना दे: सारांश मराठीत मिळावा, सुनावणी वाड्याच्या जवळ व्हावी, दुभाषा सरकारनं द्यावा, बुडालेल्या दिवसाची भरपाई आणि आम्ही निवडलेल्या तज्ज्ञाची फी सरकारमार्फत मिळावी. कंपनीला पैसे द्यायचेच असतील तर तिनंही सरकारी खात्यात भरावेत, कुठलीही अट न घालता. कायद्यात नाही असं उत्तर येईल. येऊ दे. मागितलं होतं आणि नाकारलं, हे कागदावर राहणं गरजेचं आहे. पीडीओकडून, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडून, पोच घ्यायला विसरू नकोस.

आपल्याला कर्नाटकात एक गोष्ट नाही, ती आधीच सांगतो, म्हणजे उगीच आशा लागून राहायला नको. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचं आदिवासी क्षेत्र आपल्या राज्यात नाही, त्यामुळं अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथं लागू होत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना २०२० मध्ये अनुसूचित जमातीत स्थान मिळालं. गवळी धनगरांची तीच मागणी अजून पडून आहे. तेव्हा वाड्याच्या हातात मुख्य हत्यार उरतं ते २००६ चा वनहक्क कायदा. तुम्ही त्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरता, म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. सड्याचा काही भाग जंगलात येत असेल तर सामूहिक हक्काचा दावा सुनावणीआधी दाखल झालेला असू दे. त्या ग्रामसभेला निम्मी माणसं हवीत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. बायांना बोलवायचं तर वेळ धारेनंतरची ठेव.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडं पाठवला, तेव्हा डोंगरावरच्या बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. जिल्हा न्यायाधीश गावात येऊन बसले होते. सभा दाराशी आली, की गाडी देणाऱ्याची गरजच उरत नाही.

आता तज्ज्ञाविषयी. वकिलासाठी लगेच पैसे गोळा करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तुझ्या आजीच्या नावानं अर्ज कर. गोळा झालेला पैसा पाण्याच्या जाणकारासाठी ठेव. कारण असं बघ, अहवालासाठी पाण्याची, हवेची मोजणी साधारणपणे एकाच ऋतूत होते आणि तीही पावसाळा सोडून. आपल्याकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला यातली खोट लगेच कळेल. जांभ्याचा आणि बॉक्साइटचा सडा म्हणजे स्पंज. आषाढ-श्रावणात पडलेलं पाणी तो पोटात घेतो आणि कडेच्या झऱ्यांतून महिनोन्‌महिने थोडं थोडं सोडतो. कणकुंबीच्या रानात मलप्रभा उगम पावते, ती या अशाच मुलखातून. मार्चमध्ये येऊन सडा बघणाऱ्याला कोरडा कातळ दिसतो आणि तो ‘पडीक’ असं लिहून मोकळा होतो.

हे खोडायला मोठं यंत्र लागत नाही. एक वही घ्या. झरीखाली घागर ठेवून ती भरायला किती वेळ लागतो ते दर रविवारी मोबाइलवर मोजा आणि तारखेसह लिहा, दोघांच्या सह्या घ्या. जाणकार आला की ती वही त्याच्यापुढं ठेवा. वाड्यावरच्या आजी जे सांगतात ते त्या वहीत आकड्यांत आलं, की ‘पाण्याच्या सोयीची मागणी’ असं लिहायला कुणाचा हात धजावणार नाही. बाहेरच्या जाणकाराला मांडवात बोलू देतीलच असं नाही, सुनावणी स्थानिक बाधितांसाठी असते. त्याचं म्हणणं लेखी द्या, लेखी हरकती घ्याव्याच लागतात. शेवटी कार्यवाही वाचून दाखवणं आणि लोकांच्या भाषेत समजावणं अधिसूचनेत लिहिलेलं आहे. तोवर कुणी उठायचं नाही. चुकीचं वाक्य आलं तर तिथंच हात वर करा, चित्रीकरण चालू असतं.

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते, पण ती कुठल्या पेपरात येईल सांगता येत नाही. पंचायतीत आणि डीसी ऑफिसात अहवालाची प्रत बघायला मिळते, आठवड्यातून एकदा फेरी मार. पुढं खाणीला पर्यावरण मंजुरी मिळालीच तर पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस, आणि आपलं खंडपीठ चेन्नईला. त्याचाही खर्च आत्ताच वहीत धर.

पैसा कुणाकडून घ्यायचा, हा तुझा खरा प्रश्न. घरटी थोडा थोडा घ्या, बेळगावात नोकरीला गेलेल्या वाड्यावरच्या पोरांकडून घ्या, गावातल्या शिक्षकांकडून घ्या. कुठल्याही एका माणसाकडून फार मोठी रक्कम नको, माझ्याकडूनही नको. खात्यावर दोन सह्या, त्यातली एक बाईची. आणि दर महिन्याचा हिशेब देवळाच्या भिंतीवर लावा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. काकांना खजिनदार कर. बुडालेला दिवस ज्यानं सगळ्यांच्या आधी मोजला, तो माणूस पैसा जपून वापरेल.

सारांशाची प्रत मिळाली की लगेच पाठव, मी मराठीत उतरवायला घेतो. डोळ्यांचं आता पूर्वीसारखं राहिलं नाही, पण सकाळच्या उजेडात रोज चार पानं होतील. येत्या रविवारी झरीवर जाशील तेव्हा तुझ्या आजींना सोबत ने आणि पूर्वी ही झरी कुठल्या महिन्यापर्यंत वाहायची, ते त्यांच्या शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून घे.

तुझा,
सर